आबांनी ‘या’ म्हटलं

सरकारी माणसाचा आमच्या आबांइतका राग करणारा माणूस मी पाहिला नाही. आबा म्हणजे माझे थोरले चुलते. पाटसजवळच्या घराला, विहिरीसकट, त्यांनी बाभळीच्या फांट्यांचं छातीएवढं कुंपण घातलं होतं. तलाठी असो की वायरमन, त्याला बाहेरच थांबवून आबा विचारत, “लेखी काय आणलंय?”

ही सवय लागली रस्ता रुंद करायचं निघालं तेव्हा. वकिलांनी सांगितलं होतं, मोजणीवाले रानात आले तर अडवता येणार नाही. पण राहत्या घराच्या कुंपणात शिरायचं तर सात दिवस आधी लेखी नोटीस हवी, नाहीतर घरमालकाची संमती. आबांना सहीपुरतंही लिहिता येत नव्हतं, पण एवढं त्यांनी पाठ केलं आणि मोजणीच्या साहेबाला तीनदा ऐकवून परत पाठवलं.

“काट्यांना कोण कंपाउंड म्हणतं?” साहेब एकदा खेकसला.

“पाय घाला की आत. काटाच सांगंल.”

साहेबही बेरका. चौथ्यांदा भर उन्हात एकटाच चालत आला आणि फक्त पाणी मागितलं. आबा तरुणपणी मेंढरं घेऊन पार कोकणापर्यंत फिरलेले, परक्यांच्या दारचं पाणी पिऊन जगलेले. पाणी मागणाऱ्याला उभ्यानं पाजलं तर ते घरच्यांवर डाफरत. त्यांनी काट्याचं कवाड बाजूला ओढलं आणि म्हणाले, “या, बसा.”

साहेब ओसरीवर तांब्या तोंडाला लावून बसला, तोवर मागून दोघं टेप घेऊन आत शिरले. आबा ओरडेपर्यंत विहीर मोजून झाली होती. पंचनाम्यात लिहिलं, ‘घरमालकाच्या संमतीने प्रवेश केला.’ इतका नीच माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आम्ही हरकत घेतली. मोजणी रद्द झाली असती तर रस्ता पलीकडच्या पडीक माळावरून न्या, असं मांडायला वेळ मिळणार होता. वकिलांनी आबांना बजावलं, “एवढंच म्हणा, मी बोलावलं नव्हतं.” मीही वाटेत चारदा तेच घोकून घेतलं.

सुनावणीत मोजणीचा साहेब समोरच बसला होता. त्यानंच विचारलं, “आबा, तुम्ही मला आत बोलावलं नव्हतं का?”

मी आबांचा सदरा मागून ओढला.

“बोलावलं व्हतं,” ते म्हणाले. “तुमी पानी मागितलं, मी या म्हनलो. मोजा म्हनलो न्हवतो. पर या म्हनलो न्हाई, आसं माझ्या तोंडातनं यायचं न्हाई.”

हरकत फेटाळली गेली. पुढच्या उन्हाळ्यात घर पडलं, विहीर बुजली. आबा मुलाकडे कुरकुंभला दोन खोल्यांत राहायला गेले आणि दीड वर्षात गेले. त्या साहेबाला मी अजून शिव्या देतो. पण खरं सांगायचं तर राग आबांचाही येतो, एका शब्दानं घर घालवलं म्हणून. आणि सगळ्यात जास्त माझाच येतो, कारण त्या खुर्चीत मी असतो तर खोटं बोलायला मला क्षणही लागला नसता.