पंतांना न वाचता आलेला अर्ज

वाचताना कुणाचे ओठ हलले की भिकाजीपंत वसकन अंगावर येत. "अक्षराला अक्षर लावून वाचतो तो शाळकरी! शब्दाचं तोंड ओळखावं. बायकोला ओळखताना नाक-कान मोजतोस का रे?" गिरगावातल्या आमच्या छापखान्यात मुद्रितं तपासायला मी त्यांच्याच हाताखाली शिकलो. माझे ओठ फार हलत, म्हणून शिव्याही मीच सर्वांत जास्त खाल्ल्या.

एके सकाळी त्यांनी ताजं मुद्रित माझ्यापुढे आपटलं. "हे कानडी कुणी जुळवलं?" आम्ही हसलो, कारण ते चांगलं मराठी होतं. पंतांनी पुन्हा पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "तोंडं दिसताहेत रे. ओळखीचं एक नाही."

डॉक्टर म्हणाले, डोळे ठणठणीत आहेत. मेंदूत जिथे शब्दाची ओळख पटते, तिथेच काही बिघडलंय. बोलणं, चालणं, अगदी लिहिणंसुद्धा पहिल्यासारखं होतं. मालकांनी ते हसण्यावारी नेलं. म्हणाले, काम टाळायचं सोंग आहे.

मग मी शहाणपणा केला. "पंत, स्वतःच्या हातानं अर्ज लिहा. कुणी वाचून दाखवलं तर ऐकून चुका काढीन म्हणावं. तुमचं अक्षर बघून मालक विरघळतील. आणि सुरुवातीला 'दयाळू मालक' घाला." पंतांना ते रुचलं नाही, पण लिहिलं.

मालकांनी तो अर्ज सगळ्यांसमोर फडकवला. "लिहिता येतं आणि वाचता येत नाही? मला काय दूधखुळा समजलात?" तीस वर्षांची नोकरी तिथल्या तिथे संपली. डॉक्टरांचं म्हणणं मी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, तरी मी तोंड उघडलं नाही. त्या मालकाचा मला आजही संताप येतो. माझा त्याहून जास्त येतो.

पंत तो कागद घेऊन तडक माझ्या खोलीवर आले. "वाच. काय लिहिलंय मी?"

मी वाचायला लागलो. पहिल्याच ओळीला त्यांनी हात वर केला.

"थांब. चूक आहे. 'दयाळू' कुठे आहे? माझं बोट ठेव त्यावर."

मी त्यांचं बोट धरून त्या शब्दावर टेकवलं. दुसऱ्या हातानं त्यांनी माझा टाक उचलला, शब्दावर आडवी रेघ ओढली आणि समासात काढून टाकायची खूण केली, नेहमीसारखी नेटकी.

"आता बरोबर आहे," ते म्हणाले आणि कागद माझ्यापाशीच ठेवून गेले.