बाहुली आकसली का?

बाबांच्या डाव्या डोळ्यापुढे एका सकाळी अंधारी आली ती गेलीच नाही. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, डोळ्यामागची नस सुजलीय, आजच दाखल व्हा, सलाईनमधून औषध द्यावं लागेल. बाबा म्हणाले, केळीचे घड उतरवायचेत, आठवड्याने बघू. गिरीज गावातल्या आमच्या केळीच्या वाडीपुढे बाबांना कशाचीच पर्वा नसते, तिथे एका डोळ्याची काय कथा!

त्याच आठवड्यात कुणीतरी विरारचा अ‍ॅक्युपंक्चरवाला सुचवला. माणूस सालस होता. त्याने बाबांच्या भुवईशी आणि अंगठ्याच्या बेचक्यात सुया टोचल्या. सुई शिरताना दोन्ही बाहुल्या झटकन मोठ्या झाल्या, हे मी जवळून पाहिलं.

"बघा, नस जिवंत आहे," तो म्हणाला. "आता घरी रोज बॅटरी मारून बघा. डावी बाहुली आकसली की समजायचं, गुण येतोय."

हे काम माझ्याकडे आलं, कारण मी शाळेत विज्ञान शिकवते. संध्याकाळी रोझरीची प्रार्थना संपली की बाबा खुर्ची माझ्याकडे फिरवून तोंड वर करत. मी वाडीतली मोठी बॅटरी घ्यायचे, पहाटे पाणी सोडायला जाताना ते नेतात ती. केळीची अख्खी रांग उजळेल एवढा तिचा झोत. तो मारला की डावी बाहुली मोहरीएवढी होई.

"आकसली का गं?" आई स्वयंपाकघरातून विचारी.

"आकसली!" मी ओरडून सांगायचे.

असे सहा आठवडे गेले. बाबांना त्या डोळ्याने काहीच दिसत नव्हतं. आधी नस सुधारेल, नजर मागून येईल, असं मीच त्यांना समजावत होते. मोठी शहाणी ना मी!

एका दुपारी घड कापताना एका डोळ्याचा अंदाज चुकला आणि कोयता त्यांच्या अंगठ्यावर बसला, तेव्हा पट्टी बांधून मी त्यांना ओढतच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी उजवा डोळा झाकला आणि पेनाएवढी बॅटरी डाव्या डोळ्यात मारली. बाहुली ढिम्म. मग उजवा उघडून फक्त त्यात मारली, तर दोन्ही आकसल्या.

"प्रकाश एका चांगल्या डोळ्यात पडला तरी दोन्ही आकसतात," ते म्हणाले. "तुमचा झोत दोन्हींवर पडत होता. तुम्ही रोज उजवा डोळाच तपासलात."

"आणि सुया टोचताना मोठ्या झाल्या त्या?"

"दुखलं की कुणाच्याही होतात. चिमटा काढलात तरी." मग हळूच म्हणाले, "नस सुकलीय. तेव्हाच आला असतात तर काही करता आलं असतं."

डोळ्याची आकृती मी दरवर्षी फळ्यावर काढते. मला स्वतःची शिसारी आली. रिक्षात मी रडत होते आणि बाबा पट्टी बांधलेला अंगठा मांडीवर ठेवून बसले होते. आईला काय सांगायचं, हे आमचं ठरलंच नाही.

संध्याकाळी रोझरी झाली. बाबांनी नेहमीसारखी खुर्ची फिरवली, पण या वेळी उजव्या डोळ्यावर स्वतःच तळहात ठेवला. "मार," म्हणाले. मी बॅटरी मारली. एवढ्या झोतातही बाहुली तशीच राहिली, मोठी आणि काळी.

"आकसली का गं?" आतून आईने विचारलं.

मी बॅटरी खाली केली. बाबांनी डोळ्यावरचा हात काढला नाही.

"आकसली," तेच म्हणाले. "पोरीने नीट बघितलं."