काकूंच्या पेपरचं सातवं पान

आमच्या मराठी महिला मंडळात निबंधाला निबंध नाही म्हणत, पेपर म्हणतात. "या महिन्यात कोणाचा पेपर?" असं कोणी विचारलं की नवीन माणसाला वाटतं बायका परीक्षेला बसून राहिल्या. तशी परीक्षाच आहे ती. पेपर वाचून झाला की हॉलमधल्या प्रत्येक बाईनं एक तरी प्रश्न विचारायचा, नाहीतर चहा नाही. हा नियम वहिनींनी काढला. वहिनी म्हणजे मंडळाच्या सेक्रेटरी, त्यांना माझी आई पण वहिनी म्हणते आणि मी पण. दुपारी जेवून आलेल्या बायका पेपर चालू असताना सरळ झोपायच्या, म्हणून नियम.

मी तशी मेंबर नाही. मी तेवीसची, बाकी सगळ्या पंचावन्नच्या पुढे. आई मेंबर आहे आणि मी टायपिंगवाली. आमचं शहर हिंदीवालं, तिथल्या गोहलपूरला एका प्रिंटिंगच्या दुकानात माझी नोकरी आहे, दिवसभर लग्नाच्या पत्रिका, तेरवीचे कार्ड, कोचिंगवाल्यांचे पॅम्फलेट. हिंदीत माझा हात इतका पळतो की दुकानवाले भैया म्हणतात, "कीबोर्ड तोड़ेगी क्या?" मराठीत थोडा हळू, पण चालतो. म्हणून मंडळात ठरलं की मेंबरनी हातानं लिहायचं, मी टाइप करून मोठ्या अक्षरात प्रिंट काढायची, कारण चष्म्याचे नंबर सगळ्यांचेच वाढले आहेत.

आता दुकानातलं एक सांगते, नाहीतर मी जे केलं ते काहून केलं हे कळणारच नाही. मला पण अजून नीट नाही कळलं, पण सांगते. दुकानात लोक मॅटर कधी पूर्ण आणतच नाहीत. कागदावर नवरा-नवरीचं नाव, तारीख, जागा, आणि "बाकी आप डाल देना दीदी." मग वरचा श्लोक मी टाकते, खालची दोन ओळींची शायरी मी टाकते, तेरवीच्या कार्डावर "शोकाकुल परिवार"च्या आधीचं ते दुःखाचं वाक्य पण मीच. लोक येतात, वाचतात, एकदोघांच्या डोळ्यात पाणी येतं, घेऊन जातात. आजवर कोणी म्हटलं नाही की हे आम्ही नव्हतं लिहिलं.

तर त्या महिन्यात पेपर काकूंचा होता. काकू आमच्या दोन गल्ल्या सोडून राहतात, एकट्या. काका जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा पुण्याला. काकूंनी सिहोऱ्याच्या शाळेत सत्तावीस वर्षं शिकवलं, रोज बसनं जाऊन-येऊन. विषय होता 'रोजचा रस्ता', म्हणजे त्यांचाच विषय. गुरुवारी संध्याकाळी त्यांच्याकडे काम करणाऱ्या दीदी सहा पानं देऊन गेल्या.

मी टाइप करायला बसली आणि बाप्पा, काय लिहिलं होतं! सिहोऱ्याच्या बसमध्ये काकूंच्या बाजूला रोज एक बाई बसायची. भाजीची टोपली पायाशी. काकूंना उशीर झाला तर ती सीटवर आपला हात ठेवून जागा धरायची, कोणी आलं की म्हणायची, "मास्टरनी आ रही हैं." काकू तिला आपल्या डब्यातली पोळी द्यायच्या, ती काकूंना मटारच्या शेंगा. इतकी वर्षं! आणि दोघींनी एकमेकींचं नाव नाही विचारलं. मी टाइप करता करता "आई, ऐक ना, ऐक ना" करून आईला वाचून दाखवून राहिली होती. सहाव्या पानाच्या अगदी खाली ओळ आली, "मग एका सोमवारी ती आली नाही."

आणि संपलं. सातवं पान नाही.

मला वाटलं पान राहिलं घरी. फोन लावला, बंद. शुक्रवारी परत लावला, बंद. त्यांच्या घरी जायला पाहिजे होतं, दोन गल्ल्याच तर आहेत. पण दुकानात लग्नाचा सीझन, भैया डोक्यावर उभे, आणि शनिवारी तीनला मीटिंग. मग मी दुकानात करते तेच केलं. मी दहा ओळी टाकल्या. काकू तिसऱ्या दिवशी तिच्या स्टॉपवर उतरतात, विचारत विचारत तिच्या घरी पोचतात, तिचा पाय मोडलेला असतो, ती खाटेवर बसल्या बसल्या म्हणते, "आ गईं दीदी? हम तो रोज बस की आवाज सुनत रहे." मग दोघी एकमेकींना नाव विचारतात. बस. पाच मिनिटं लागली असतील. मनात होतं, मीटिंगच्या आधी काकूंना दाखवते, खरं सातवं पान मागते.

शनिवारी मी प्रिंट घेऊन पोचली तोपर्यंत काकू स्टेजवर उभ्या. वहिनींनी माझ्या हातातून पानं घेतली आणि तिकडे दिली. झालं.

काकू छान वाचतात, शिक्षिकाच त्या. सहा पानं कशी गेली कळलं नाही. मग त्या माझ्या ओळींवर आल्या. थांबल्या. चष्मा वर केला, खाली केला. मग वाचायला लागल्या, पण हळू, एकेक शब्द, जसं दुसऱ्याचं पत्र वाचून राहिल्या. "आ गईं दीदी"ला तर मागच्या रांगेत दोन बायका रुमाल काढून बसल्या. टाळ्या! आणि खोटं काहून बोलू, मला एक क्षण इतकं भारी वाटलं, इतकं भारी, मी आईचा हात दाबला.

मग प्रश्न सुरू झाले. नियम आहे ना.

"तिनं चहा दिला का हो?"

काकू म्हणाल्या, "चहा... हो. दिला असेल."

"तिचं नाव काय निघालं मग?"

काकू पानं उलटून पाहायला लागल्या. वहिनी मधेच बोलल्या, "अगं, नाव गुपित ठेवलंय त्यांनी, तेच तर साहित्य!" सगळ्या हसल्या.

"घर कसं होतं?"

काकूंनी कपाळावर बोट ठेवलं. "दार... दाराला हिरवा रंग होता बहुतेक."

मी दार लिहिलंच नव्हतं. रंग तर सोडाच. मला काही समजेना. मला वाटलं, अच्छा, म्हणजे त्या सांभाळून घेऊन राहिल्या, माझी लाज राखून राहिल्या. चहाच्या वेळी त्यांच्याकडे जाणार तर त्या निघून गेलेल्या, चहा न घेता.

सोमवारी त्यांचा फोन. "बेटा, ती माझी लिहिलेली पानं तुझ्याकडेच आहेत ना? देऊन जा जरा. मी तिच्या घरी गेले होते का, तेच मला आठवेना."

तेव्हाच सांगायचं होतं. तोंडात आलं होतं. आणि मी काय म्हटलं माहिती आहे? "पेपरात तर आहे ना काकू." आणि पानं शोधते म्हटलं. पानं माझ्या पर्समध्येच होती.

मला वाटलं, दोन दिवसांत विसरतील. विसरतील! शब्द तरी कोणता निवडला मी.

बुधवारी वहिनी घरी आल्या, आईला सांगायला. "काकू चालल्या पुण्याला. रविवारचं तिकीट काढलं मुलानं. घर पण बंद करणार म्हणे." आई म्हणाली, "काहून हो अचानक? तो तर दोन वर्षं बोलावून राहिला, या तर ऐकत नव्हत्या." वहिनी म्हणाल्या, "आता त्यांनीच फोन करून म्हटलं, मी येते तिकडे. म्हणाल्या, माणसाच्या घरी जाऊन आले आणि मला आठवत नाही, म्हणजे डोकं गेलं माझं."

मी आतल्या खोलीत उभी होती. आईनं विचारलं, "तुझा चेहरा काहून असा?" मी आईला सगळं सांगितलं. आई एवढंच म्हणाली, "मला काय सांगतेस? दोन गल्ल्या सोडून राहतात त्या."

गुरुवारी दुकानातून सरळ गेली. काकूंच्या हॉलमध्ये दोन सुटकेसा उघड्या पडल्या होत्या, एकीत फक्त पुस्तकं. मी उभ्यानंच बोलली, एका दमात, सहा पानं त्यांच्या हातात ठेवून. की शेवट माझा आहे, की मला वाटलं पान राहिलं, की सोमवारी मी खोटं बोलली.

काकूंनी सहावं पान उलटून पाहिलं. कोरं.

"म्हणजे मी गेलेच नव्हते."

"नाही काकू."

"आणि पान राहिलं नव्हतं. पेपर तिथेच संपतो. ती आली नाही, मी गेले नाही. हेच तर लिहायचं होतं मला, मूर्ख मुली! इतक्या वर्षांनी हिंमत करून लिहिलं की मी गेले नाही!"

मी रडायला लागली. त्या मात्र हसायला लागल्या, जोरात, खुर्चीत बसून. "पाच दिवस! पाच दिवस मी त्या घराचं दार आठवून राहिले! अगं, मला दिसायला लागलं होतं, हिरवं!"

मग हसणं थांबलं. "पण दार तू लिहिलं होतंस का?"

"नाही काकू."

त्यांनी पानं घडी घालून पुस्तकांवर ठेवली. मग एकदम उठल्या, चलो, म्हणाल्या, आणि मुलाला फोन लावला, स्पीकरवर. "तिकीट रद्द कर. माझं डोकं ठिकाणावर आहे. या पोरीनं गडबड केली होती."

तिकडून दादा, त्यांचा मुलगा, म्हणाला, "आई, एका पेपरचं नाही ना. मागच्या महिन्यात पातेलं जळालं, शेजाऱ्यांनी दार वाजवलं तेव्हा तुला कळलं."

"दूध कोणाचं उतू जात नाही?"

"दूध नव्हतं आई, डाळ होती."

काकूंनी फोन माझ्यापुढे धरला. "हिलाच विचार."

दादाला मी आयुष्यात दोनदा भेटली असेन. तो म्हणाला, "तुम्ही तिथे असता, मी नाही. खरं सांगा, आई एकटी राहू शकते ना? तुम्ही हो म्हणा, मी आत्ता रद्द करतो."

काकू माझ्या तोंडाकडे पाहून राहिल्या होत्या. एक शब्द होता फक्त. आणि मला डाळीचं माहीत नव्हतं, दाराचं कळत नव्हतं, सत्तरीत माणूस किती विसरतं, किती नाही, काहीच माहीत नव्हतं.

"दादा, पेपरातलं मी लिहिलं होतं," मी म्हटलं. "तेवढं पक्कं आहे. बाकी मला नाही माहीत."

 मग तो म्हणाला, "ठीक आहे. तिकीट रद्द करतो. मीच येतो, पंधरा दिवस राहतो. मग पाहू." फोन ठेवला.

मला वाटलं काकू खूश होतील. पुण्याला जाणं तर टळलं ना, निदान आत्ता. पण त्यांनी फोन टेबलावर आपटला.

"दहा ओळी लिहिल्यास न विचारता. माझ्या बसमध्ये चढलीस, माझ्या बाईचा पाय मोडलास, तिला बोलायला लावलंस. आणि इथे एक 'हो' नाही निघालं तुझ्या तोंडून?"

 दोन्ही वेळेला मी चुकली की एकाच वेळेला, आणि एकाच वेळेला तर कोणत्या, मला अजून नाही कळत. मी स्कूटीची चाबी हातात घेऊन तशीच उभी राहिली. काकू सुटकेसमधली पुस्तकं काढून परत कपाटात लावायला लागल्या, माझ्याकडे पाठ करून. मग तशाच पाठमोऱ्या म्हणाल्या, "उभी काय राहिलीस? दुसरी बॅग रिकामी कर."