मिश्रीची डबी आणि माझा डावा पाय

पायाच्या शिरेत दुसऱ्यांदा फुगा घालायचं ठरलं तेव्हा मी दत्त महाराजांवर चिडले होते. मिस्टर रेल्वेत, त्यांच्या बदलीमुळे आम्ही जयपूरला प्रताप नगरात राहतो. गुरुवारचा उपास मी एकही चुकवलेला नाही, तरी डाव्या पायाच्या रक्तवाहिन्या सुजून बंद पडत चालल्या होत्या, पाऊल थंडगार पडलेलं आणि अंगठ्याची जखम भरत नव्हती. पहिल्या वेळी जांघेतून नळी घालून, आत फुगा फुगवून रस्ता मोकळा केला, तो चार महिन्यांत पुन्हा बुजला. आता नाही जमलं तर पाय काढावा लागेल, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं.

त्यात त्यांचा तो प्रश्न. हा आजार तंबाखूवाल्यांना होतो म्हणे. दर वेळी विचारायचे, "बीड़ी? तंबाकू?" मी दर वेळी, "नहीं." आमच्या घरात विडीचं थोटूकही सापडायचं नाही. नणंद फोनवर रोज नवा काढा सांगायची, तो ताप वेगळाच. मी देवाला सरळ विचारलं, उपास माझे आणि धडधाकट पाय शेजारणीचे, हा कुठला न्याय?

फुगा घालायच्या दिवशी सकाळी वॉर्डातल्या बेसिनपाशी दात घासत होते. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीची सून मागे उभी होती. ती सांगानेरला कापडावर ठसे मारते, बोटं रंगाने निळी झालेली. तिने माझी डबी उचलून हुंगली.

"ये क्या है जी?"

"मिश्री. हमारा मंजन है, गाँव से आता है."

"मंजन कोनी, बहनजी, मंजन नहीं. तमाखू है. जली हुई है, पर है तो तमाखू. डॉक्टर को बताया?"

तंबाखू तव्यावर भाजून मिश्री करतात, हे मला का ठाऊक नव्हतं? लहानपणी आईजवळ बसून मीच ती कुटायचे. पण तंबाखू खाणं वेगळं आणि दात घासणं वेगळं, अशी आमच्याकडची समजूत. पूजेआधी तोंड स्वच्छ हवं म्हणून रोज लावायचे, शिवाय दिवसातून आणखी तीनदा. लाज वाटली, आणि रागही आला. इतकी वर्षं माझा जप ऐकणाऱ्याने एकदा तरी सुचवायचं की नाही?

डॉक्टरांना सगळं सांगून टाकलं. त्यांनी कपाळावर हात मारला. म्हणाले, "फुगा मी घालीन, पण ही डबी सुटली नाही तर पाय वाचणार नाही." हे अर्थात हिंदीत, आणि बरंच रागावून. टेबलावर पडल्यावर मी पहिल्यांदाच देवाकडे काही मागितलं नाही. माझं शहाणपण संपलं, आता तुम्ही बघा, एवढंच म्हटलं.

पाय वाचला. त्या बाईला शोधायला गेले तर सासूला घेऊन ती घरी गेलेली. नाव विचारायचंही राहिलं. महाराज कुठल्या रूपात येतात यावर मी कुणाशी वाद घालत नाही, रोज संध्याकाळी तिला मनोमन हात जोडते. डबी सुटली, पण तलफ अजून येते, चिडचिड होते, घरच्यांवर ओरडते. मग डाव्या पावलावर तळहात ठेवून बसते. पाऊल कोमट लागतं. तेवढ्यावर तो दिवस निभावतो.