पत्र्याच्या पेटीवरचं गणित

दारव्ह्याला खिडकीतून आईचा ‘जयभीम’ घेऊन ती पोर आगगाडीत माझ्याशेजारी बसली. आमच्यातलीच! पत्र्याची पेटी मांडीवर घेऊन ती तिच्यावर खडूनं गणित मांडू लागली. चुकलं की पदरानं पुसायची, पुन्हा मांडायची.

समोर बसलेल्या तिच्या गावच्या पाटलांनी विचारलं, “कॉलेजले सुट्या असून कुठं चालली वं?”

“मुंबईले, गणिताच्या शिबिराले. निवडलं मले.”

“गणिताची उत्तरं तं पुस्तकाच्या मागं असतात. मुंबई कायले?”

“तिथल्या गणिताचं उत्तर अजून कोणालेच माहीत नाही, काकाजी. शिकवणाऱ्यालेबी नाही. तिथं सारे सारखेच.”

ती पुन्हा खडू घेऊन पेटीवर वाकली.

तिचं नाव विचारायचं राहिलं. पण मुंबईची गाडी धरायला ती मूर्तिजापूरला उतरेपर्यंत मी पोटच्या लेकीला पोचवायला निघाल्यासारखी ताठ बसून होते.