फरक दिसला नाही!

संशोधन केंद्रातल्या नोकरीत दोनच गोष्टी जमा होतात. एक आकडे, दुसरे किस्से. आकड्यांचा अहवाल होतो, तो वर जातो आणि कपाटात बसतो. किस्से मात्र कुठंच जात नाहीत. चहा आला की आपोआप बाहेर पडतात!

यवतमाळजवळच्या कापूस संशोधन केंद्रात मी आकडेमोडीला होते. वर्षं वाईट होती. गुलाबी बोंडअळी कपाशी पोखरत होती आणि रोज कोणीतरी नवं बियाणं, नवं औषध घेऊन यायचं. त्यातलं खरं किती, हे तपासणं आमचं काम. प्रमुख होते मुळावकर सर. स्वभावानं गरीब, पण आकड्यांना हात लावाल तर खबरदार! जीपवर रफिकभाई. आणि शेतात बोंडं मोजायला सुभद्राबाई. शाळा चौथीपर्यंत, पण त्यांची मोजणी कधी चुकली नाही.

*

पाहणीची झाडं रँडम निवडायची, असा सरांचा नियम. त्यासाठी ते आकड्यांची यादीच द्यायचे. एकदा सुभद्राबाई रजेवर होत्या, म्हणून झाडांना चिठ्ठ्या बांधायला रफिकभाईंना पाठवलं. यादी जीपमध्येच राहिली!

संध्याकाळी सर पाहायला गेले.

"रफिकभाई, ही निवड रँडम आहे?"

"एकदम रँडम, सर. डोळे मिटून बांधल्या."

"मग सगळी झाडं लिंबाच्या सावलीतलीच कशी?"

"आता सर, डोळे मिटून उन्हात कोण जाते!"

*

बाभुळगावकडे गुलाबराव नावाचे एक शेतकरी. त्यांच्या अर्ध्या वावरात नवं खत द्यायचं, अर्धं तुलनेसाठी तसंच ठेवायचं, असं ठरलं. आकडे आले तर दोन्हीकडची कपाशी सारखीच! सरांनी हिशेब दोनदा केला, मला तिसऱ्यांदा करायला लावला. शेवटी आम्ही वावरातच गेलो.

"गुलाबराव, या बाजूला पण खत टाकलं काय?"

"टाकलं ना सायब! एका लेकराले जेवू घालाव अन् दुसऱ्याले ताटावर नुसतं बसवून ठेवाव, हे माह्याच्यानं पाहवत नाही."

सरांनी तिथंच लिहिलं, 'फरक दिसला नाही. कारण, शेतकरी दयाळू.' अहवाल मी जसाच्या तसा टाईप केला. शेवटचे तीन शब्द वरच्यांनी खोडले.

*

राजूरला जाताना जीपमध्ये सर मला पाच टक्क्यांचा नियम समजावत होते. मुळात काहीच फरक नसताना 'फरक आहे' असं आपण चुकून म्हणू, ही शक्यता आपण पाच टक्क्यांपर्यंत चालवून घेतो वगैरे.

रफिकभाईंनी आरशातून पाहिलं. "म्हणजे शंभरात पाच बार गलती माफ?"

"तसंच काहीसं."

"माहा ब्रेक शंभरात एक बार चुकला, तर आपण तिघं वर जाऊ सर!"

सर भलतेच खूश. "शाब्बास! किती चूक परवडते, ते कामावर ठरतं." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "आपल्या जीपचा ब्रेक कसा आहे?"

"अजून तर नाही चुकला. पण सॅम्पल लहान आहे सर, कालच बदलला!"

*

फुलसावंगीला एका नव्या बियाण्याचं उत्पन्न थोडं जास्त आलं. थोडंच. सरांनी गावकऱ्यांसमोर प्रामाणिकपणे सांगितलं, "फरक आहे, पण तो नशिबानंही आला असेल. आत्ताच खात्री देता येत नाही."

मागून एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "कपाशी नशिबानं येते, हे तं आमच्या आज्यालेही माहीत होतं सायब. त्याच्यासाठी कम्प्युटर कायले पाहिजे?"

सगळे हसले, सरही हसले. परतीच्या वाटेवर मात्र अर्ध्या रस्त्यात एवढंच म्हणाले, "पुढच्या वर्षी आणखी वावरं घेऊ."

*

एका गावात कपाशीवर फवारायचं टॉनिक विकणारा एक जण आला. अल्बम भरून फोटो! प्रत्येक फोटोत हिरवीगार कपाशी आणि शेजारी हसणारा शेतकरी. लोक भारावून पाहत होते. सुभद्राबाईंनी अल्बम शेवटपर्यंत चाळला आणि विचारलं, "ज्याची कपाशी वाळली, त्याचा फोटो काहून नाही यात?"

तरी गावाचं मन त्या टॉनिकवर बसलंच होतं. केंद्र हो म्हणालं, तर पुढच्या हंगामात सगळं गाव तेच फवारणार होतं. सर म्हणाले, आधी तपासू. ज्यांची तयारी होती, त्यांच्या वावरात काही ओळींवर 'क' बाटली, काहींवर 'ख'. एकीत टॉनिक, दुसरीत नुसतं रंग घातलेलं पाणी. हे सगळ्यांना आधीच सांगितलं होतं. कोणतं कशात, ते मात्र सरांजवळच्या बंद पाकिटात. मलासुद्धा माहीत नव्हतं!

हंगाम संपला. ग्रामपंचायतीत सभा भरली. सर म्हणाले, "टॉनिक आणि पाणी, दोन्हींत फरक दिसला नाही. विकत घेऊ नका."

लोकांनी माना डोलावल्या. तेवढ्यात किसनराव उठले. गावातले जाणते शेतकरी, त्यांच्या वावरातही आमच्या ओळी होत्या.

"फरक कसा नाही? मी रोज पाहून राह्यलो होतो ना! 'ख' म्हणजे एक नंबर. अळीनं तोंड लावलं नाही!"

आणखी दोघातिघांनी 'खरं हाय, खरं हाय' केलं.

सरांनी पाकीट माझ्या हातात दिलं. मी फोडलं आणि वाचलं. "ख... ख म्हणजे पाणी. आपल्या केंद्रातल्या बोअरचं."

भल्या माणसाचं चारचौघांत हसं होणार, म्हणून सर खाली पाहू लागले.

किसनरावांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा टोपी घातली आणि दोन पावलं पुढं आले.

"सायब, ते बोअर किती फुटावर लागलं?"