दिगंबरकाकांचे बधिर पाय

इंजेक्शन भरून तयार होतं. सिस्टर दिगंबरकाकांच्या पोटावर स्पिरिट लावत होती, तेवढ्यात त्यांची बायको, सुमनकाकू, मला म्हणाल्या, "डॉक्टर, हे सांगणार नाहीत. यांच्या पायातली चप्पल रस्त्यात निघून गेली, यांना पत्ताच नाही."

"चप्पल जुनी होती मॅडम," काका घाईने म्हणाले. "तुम्ही सुई द्या."

मी सिस्टरला थांबवलं.

काका शहरातल्या गौलीगुडा भागातले शिंपी. त्यांना मायलोमा होता, म्हणजे हाडांच्या आतल्या मगजाचा कॅन्सर. एका पेशीच्या दोन होताना काही प्रथिनं तिला पुढे ढकलतात. त्यांचं काम झालं की पेशी त्यांच्यावर एक खूण चिकटवते, आणि ती खूण पाहून आतलं एक यंत्र त्यांचे तुकडे करतं. तुकडे झाले नाहीत तर विभाजन मध्येच अडकतं. आमचं औषध हेच यंत्र बंद पाडतं. मायलोमाच्या पेशी मुळातच प्रथिनं भरमसाट बनवतात, म्हणून आत साचलेल्या प्रथिनांनी त्या आधी गुदमरतात. पण ते यंत्र नसांमध्येही असतं. नसा दुखावल्या की पाय बधिर होतात. वेळीच हात आवरला तर बहुधा सुधारतात.

काकांना डोळे मिटायला सांगून मी तळव्यापासून वर कापूस फिरवत नेला. घोट्यापर्यंत त्यांना काही कळलं नाही.

"मशीनवर बसता?"

"बसतो की."

"टाके वाकडे जातात," काकू म्हणाल्या. "पायडल किती दाबलं ते कळत नाही यांना. मी ब्लाऊज उसवून परत शिवते."

काका म्हणाले, "सुई बंद नक्को मॅडम. हिला मी पायजे. पायाचं काय."

मी आमच्या हेडना फोन लावला. "सर, डोस थांबवते."

"रिस्पॉन्स चांगला येतोय. आत्ता गॅप दिला आणि डिसीज उसळला तर?"

"पाय जरा सुधारले की कमी डोस, आठवड्यातून एकदाच. ते शिंपी आहेत, सर."

"बरं. रिपोर्टवर लक्ष ठेव."

त्या गॅपमध्ये काकांपेक्षा मीच जास्त घाबरले होते. पण रक्ताच्या रिपोर्टमधला आजाराचा आकडा वाढला नाही. कमी डोसवरही आजार दबून राहिला. हळूहळू तळव्यांत जाणीव परत आली. डाव्या पायाची दोन बोटं मात्र अजून बधिर आहेत. काका आता सरळ शिलाई मारतात, ब्लाऊजचे गळे काकू करतात.

"त्रास होतो का?" असं विचारलं की ज्याला जगायचंय तो माणूस "नाही" म्हणतो. तो प्रश्न मी आता पेशंटला बाहेर बसवून घरच्यांना विचारते.